सतरा नंबरच्या पेटीतले रहिवासी

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सतरा नंबरच्या पेटीतली मेलेली माती जिवंत निघाली, आणि दहा पन्नासला चहा आला तेव्हा ती तशी निघालीच नव्हती. मधल्या दहा मिनिटांत काय झालं हे त्या खोलीतल्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांनीही बिस्किटं घेतली. डॉक्टर चंद्राकर, म्हणजे नव्या रायपुरातल्या त्या मृदा प्रयोगशाळेचे साहेब, यांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं, आत कोणी कपडे बदलत असावं तसं. भावना गजभिये, वय एकतीस, संविदेवरची, म्हणजे कंत्राटी, तंत्र सहायक, मुदत मार्चअखेर, ही समोर बसून कपाच्या कानाकडे बघत राहिली. "भावनाजी, सतरा नंबर तो मरी हुई मिट्टी है ना?" साहेबांनी विचारलं होतं. "हो सर." "तो फिर उसमें ये इतने लोग कौन हैं?" लोग म्हणाले ते. जिवाणू नाही, सूक्ष्मजीव नाही, लोग. मग चहा आला. चहा पिता पिता साहेब मंत्रालयाकडे जाणाऱ्या बसबद्दल बोलले, ती कशी कधीच भरत नाही याबद्दल, आणि भावना म्हणाली की हो सर, कधीच भरत नाही.

प्रयोग तसा साधा होता. भाताचं मूळ मातीत शिरतं ते गुपचूप शिरत नाही; जाता जाता साखर सांडतं, काहीबाही आंबट सांडतं, आणि त्या वासावर मातीतले अगणित जीव मुळाभोवती येऊन वस्ती करतात. कोण येतं, कोण टिकतं, कोण कोणाला हुसकावून लावतं, हे बघायचं होतं. त्यासाठी चोवीस पेट्या, समोरून काच, काचेवर काळा कागद, कारण मुळांना कोणी बघितलेलं चालत नाही. तेवीस पेट्यांत तेवीस गावांच्या शेतांतली माती. प्रत्येक पेटीत भाताची दोन रोपं, एक उपटून तपासायला, एक तसंच ठेवायला. उपटलेलं रोप तीनदा झटकायचं. पडेल ती माती बाजूला सारायची, आणि एवढं झटकूनही मुळाला जी धरून राहते तेवढीच खरवडून मोठ्या लॅबला पाठवायची. तिथून यादी येते, मुळापाशी कोण कोण राहत होतं त्याची. भावनानं हे घरी सांगितलं तेव्हा तिची आई सरिता पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, "मंजे झटकलं तरी जात नाही ते नातेवाईक. येवढं समजायले सरकारनं येवढी मोठी बिल्डिंग बांधली काय वं?" आणि चोविसांतली एक पेटी, सतरावी, मेलेल्या मातीची. तिच्यात कोणी नसायला हवं, म्हणजे बाकीच्यांत जे सापडतात ते खरोखर तिथलेच, असं छातीठोक म्हणता येतं. कोणीतरी रिकामं राहिल्याशिवाय भरलेल्यांना किंमत येत नाही; हे भावनाला पदवी मिळायच्या आधीपासून कळत होतं.

माती मारायची म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात घालून वाफवायची, एकशे एकवीस डिग्रीवर, तासभर. तेही लागोपाठ तीन दिवस. पहिल्या दिवशी जे जागे असतात ते मरतात. जे स्वतःला गुंडाळून झोपलेले असतात त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. वाफ निवली की ते जागे होतात, संकट टळलं असं समजून हातपाय पसरतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ. तिसरा दिवस संशयी स्वभावाच्यांसाठी. ही युक्ती ज्यानं कोणी काढली त्याचं घरच्यांशी कसं असेल, असा विचार भावनाच्या मनात दर वेळी यायचा आणि दर वेळी ती बटण दाबायची. पिशवीवर एक चिकटपट्टी लावलेली असते, वाफ नीट लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. तीन दिवसांच्या तीन पट्ट्या तिनं रजिस्टरात डकवून ठेवल्या होत्या. तिन्ही काळ्याकुट्ट. म्हणजे चूक झालेली नव्हती, आणि सगळ्यात वाईट तेच होतं. चूक असती तर तिला खाली बसायला जागा मिळाली असती.

मारायला माती कुठली घ्यायची हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं. खिडकीबाहेर तर मातीच माती. नव्या राजधानीत सहापदरी रस्ते आहेत आणि दोन्ही अंगांना, जिथं अजून काही झालेलं नाही तिथं, माती आहे. पण प्रयोगाची वस्तू नियमानं विकत घ्यायला हवी, आणि नियमानं अडीच किलो मातीसाठी तीन दुकानांची दरपत्रकं लागत होती. दोन आली. तिसरा नर्सरीवाला माती विकतो असं लिहून द्यायला तयार होईना. "लिख के दूँगा तो लोग हँसेंगे दीदी," म्हणाला. फाइल थांबली. बिया थांबत नाहीत. त्या ओल्या फडक्यात फुटून बसल्या होत्या. शेवटी भावनानं घरच्या बाल्कनीतल्या सिमेंटच्या जुन्या पोत्यातून अडीच किलो माती पिशवीत भरून आणली, दोन मिलिमीटरच्या चाळणीनं चाळली, आणि रजिस्टरात 'स्रोत' या रकान्यात लिहिलं, स्थानिक.

स्थानिक म्हणजे पाच ठिकाणचं स्थानिक. तिचे वडील हरिदास रेल्वेत की-मॅन होते, खांद्यावर हातोडा टाकून रोज सात-आठ किलोमीटर रूळ चालायचे, रुळाची प्रत्येक चावी ठोकून आवाज ऐकायचे, आणि घरी आल्यावर भांड्यांचा, दाराचा, पोरांच्या खोकल्याचाही आवाज त्याच कानानं ऐकायचे. बदली झाली की सामानात पहिल्यांदा कुंडी चढायची, गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची. नव्या क्वार्टरला पोचलं की बायको चूल कुठं मांडायची बघायची, हे अंगणात उकिडवे बसायचे, तिथली एक मूठ माती उचलून कुंडीत घालायचे आणि बोटानं दाबायचे. सालेकसा, डोंगरगढ, राजनांदगाव, भाटापारा, रायपुर. भाटापाऱ्याला भावना आठ वर्षांची होती, तिनं विचारलं, "बाबा, काय करून राहिले?" "ओळख करून देऊन राहिलो." "कोणाची?" "आतल्यायची. नवे आले, त्याईले जुन्याईनं सरकून जागा द्याले पायजे ना." मग त्यांनी कुंडीला कान लावला, अगदी रुळाला लावावा तसा, आणि गंभीरपणे सांगितलं, "भांडून राहिले. सकाळपर्यंत निवतीन." आई आतून ओरडली, "पोट्टीले काहीबी सांगू नका, शाळेत जाऊन सांगते ते!" आणि भावनानं खरंच शाळेत सांगितलं होतं. बाई हसल्या होत्या. पुढं वीस वर्षांनी याच गोष्टीवर प्रबंध लिहून तिनं पदवी घेतली, तेव्हा कोणी हसलं नाही. त्यात कुंडीला कान लावायचा उल्लेख नव्हता.

दोन वर्षांपूर्वी हरिदास गजभिये तापानं गेले, क्वार्टर सुटलं, आणि माय-लेकरं इकडं दोन खोल्यांत आली. टेम्पोत कुंडी फुटली. गोडलिंब निळ्या ड्रमात लावला आणि ड्रमात न मावलेली माती पोत्यात राहिली. भावनाला खरंच वाटलं होतं की उरलेली माती म्हणजे उरलेली माती. आपण शिकलेल्या आहोत असं तिला वाटलं होतं, आणि अशी चूक शिकलेल्या माणसालाच करता येते. पहिल्या दिवशी वाफेला उकडलेल्या बटाट्याच्या सालींचा वास आला. दुसऱ्या दिवशी जळक्या दुधाचा. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर वासच नव्हता. तिला ठाऊक होतं, मातीला वास असतो तो मातीचा नसतोच, आत राहणाऱ्यांचा असतो. तिनं मूठभर माती हातमोज्यात घेतली, आणि झोपलेल्या माणसाचा हात उचलून सोडून द्यावा तशी ती बोटांतून पडली. तिनं दुसरी मूठ उचलायला हात घातला, पण साडेपाच वाजत आले होते आणि नव्या रायपुरात साडेपाचची बस गेली की मग माणसानं स्वतःच्या पायांशी बोलून घ्यावं. ती बस धरून घरी गेली. "झाडाचे पानं काहून गळून राहिले वं?" आईनं दारातच विचारलं. "परवापासून. आधी थोडे पडले, काल जास्त." भावना म्हणाली की ऊन वाढलंय. आई म्हणाली, "ऊन झाडाले सांग, मले नको सांगू." ती पानं आईनं फोडणीत घातली आणि भावनानं ती एक एक करून ताटाच्या कडेला काढून ठेवली, मोजली नाहीत.

बुधवारी साहेबांनी तिला बोलावलं. मंगळवार झालाच नव्हता, त्यामुळे बुधवारी सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मोठ्या लॅबच्या यादीप्रमाणे बाकी तेवीस पेट्यांत जी वस्ती होती ती त्या त्या शेताची होती. सतराव्या पेटीत मात्र तेविसांपेक्षा दाट होती, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सदर बाजारातही नसते तेवढी. एक-दोन चुकार जीव बियाणातून आले म्हणावं, हातातून आले म्हणावं. एवढं अख्खं गाव कशातून येतं? साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांची नोकरीची दोन वर्षं राहिली होती आणि त्या दोन वर्षांत त्यांना कुठलाही शोध लावायचा नव्हता. त्यांनी एक छापील कागद पुढं सरकवला. "एक लाइन लिख दीजिए. निर्जंतुकीकरण में मुझसे त्रुटि हुई. बस. सतरा बाहर, तेईस पास, आपका रिन्यूअल पक्का." "आणि पट्ट्या, सर? काळ्या आहेत." "पट्टी का क्या है," साहेब म्हणाले, "पट्टी भी कभी कभी ज़्यादा पढ़ लिख जाती है." नाही लिहिलं तर तेवीस पेट्यांवरही संशय, प्रयोग बाद, मार्चनंतर भावना बाद. आणि पेटी? "पेटी तो दोनों केस में जलेगी." अनोळखी वस्ती मोकळी सुटू द्यायची नाही, असा नियम होता. गुरुवारी अकराला भट्टीची गाडी. साहेबांनी पेटीवर कागदी सील लावलं होतं, सही केली होती आणि वजनही लिहिलं होतं, भट्टीवर पुन्हा वजन होणार होतं. "हव?" 'हो ना' असं साहेबांनी छत्तीसगढीत विचारलं, ते मायेनं बोलायचे तेव्हा घरच्या भाषेत बोलायचे. "हव सर," भावना म्हणाली आणि कागद घेऊन उठली.

जिन्यात तिनं भावाला फोन लावला. यशदीप रायपुरच्या उरला औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमध्ये पाळीवर होता, मागं पत्रे आपटावेत तसा आवाज येत होता. त्याला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर मात्र हिंदीतच निघायचं. "बाबाची माती जाळून राहिले उद्या," ती म्हणाली. "कौन सी मिट्टी?" "पोत्यातली." "अरे दीदी, तो दूसरी ले ले ना! पूरा छत्तीसगढ़ पड़ा है." "तसं नाही रे." "फिर कैसा है?" मागं पत्रे आपटत राहिले. मग तो जरा हळू बोलला, "देख, बाबा तो उसमें हैं नहीं." "नाहीत," भावना म्हणाली. "बाबानं ज्याईची ओळख करून दिली ते आहेत." "मम्मी को मत बताना," यशदीप म्हणाला आणि फोन कट झाला, किंवा रेंज गेली. उरल्याच्या धुळीत दोन्ही शक्य असतं.

रोपांच्या खोलीत भर दुपारीही एकच पांढरा उजेड असतो, पंखा एका सुरात चालतो. भावनानं दार लावून घेतलं. सील झाकणावर होतं. काचेवरचा काळा कागद उचलायला कोणाची सही लागत नव्हती. हा कागद ती गेले पाच आठवडे रोज उचलत होती आणि रोज जे दिसायचं ते नोंदवहीत लिहीत नव्हती. पांढरी मुळं सरळ खाली जायला हवीत. तेवीस पेट्यांत तशीच होती, पावसाच्या रेघांसारखी. सतरात ती पहिले दहा दिवस मरगळल्यासारखी वरच लोंबत राहिली, आणि मग चालायला लागली, आडवी, तिरकी, कोणी पत्ता सांगितल्यासारखी. वाटेत मातीचे जे भाग लागले त्यांना वळसा घालून, त्यांच्याभोवती गुंडाळून, जाळी विणून पुढच्या भागाकडे. जाळीत धरलेले ते गोळे मुठीएवढे होते. पाच होते. एक जरा लालसर, एकात कोळशाची काळी झाक, एक पिवळट. तिनं ती माती चाळली होती, कालवली होती, तीनदा वाफवली होती. मूठ चाळणीतून पडली की मूठ राहत नाही. पण मुळांना कोणीतरी सांगितलं होतं की हे सालेकसा, इथून पुढं डोंगरगढ. तिनं काचेच्या कडेला नाक लावलं. फटीतून वास येत होता. वाळत घातलेल्या खाकी शर्टाचा, रुळावरच्या तेलाचा, अंगणात सांडलेल्या पाण्याचा. एवढा वास करायला दर ग्रॅमला अब्जभर जीव लागतात, हे तिला पाठ होतं. त्यानं धीर आला नाही, ती काचेपासून मागं सरकली. कारण ते मेले होते. तिनंच मारले होते, तीन दिवस, पहिल्यांदा जागे, मग विश्वास टाकून उठलेले, मग संशयी. आणि आता ते ज्या शांतपणे तिथं नांदत होते त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्याशी बोलता येतं.

एक मूठ काढून घ्यावी का? सील हलक्या हातानं सोडवता येईल, ओढणीच्या गाठीत बांधून नेता येईल, वजन रस्त्याकडेच्या मातीनं भरून काढता येईल. रस्त्याकडेला काय कमी आहे. पण कोणती मूठ? सालेकशाची काढली तर बाकीच्या चौघी उद्या अकराला जळणार, आणि मूठ तर ओळखीशिवाय नुसती धूळ. पाचही काढायच्या म्हणजे पेटीच काढायची, आणि अख्खी पेटी भट्टीवरच्या वजनकाट्यापासून लपवता येत नाही. हे सगळं ती जिथं नेहमी हात टेकवते तिथं, काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर, हात टेकवून विचार करत होती. हाताखाली गार लागलं म्हणून तिनं तळवा उचलला.

काचेपलीकडं मुळं वळली होती. बारीक, काल फुटलेली, केसासारखी. भाटाऱ्याच्या, नाही, भाटापाऱ्याच्या, तिला नावही नीट आठवेना, त्या चौथ्या मुठीकडून आणि रायपुरच्या पाचव्या मुठीकडून निघून ती या कोपऱ्यात आली होती आणि इथं गोल फिरायला लागली होती. जाळी अर्धीच झाली होती. आत धरलेला हा सहावा गोळा लहान होता, बाईमाणसाच्या मुठीएवढा. तिथं कोणी काही घातलेलं नव्हतं. इकडं दोन खोल्यांत आल्यावर ओळख करून द्यायला कोणी उरलंच नव्हतं. तिनं आपली मूठ आवळली आणि काचेला लावली. मापात होती. आतल्या बाजूला सरकून कोणीतरी जागा करून देत असावं अशी माती किंचित हलली, किंवा पंख्यानं पेटी हलली. तिनं मूठ काढायचा प्रयत्न केला नाही. बाहेर कोणीतरी दोनदा "भावनाजी" अशी हाक मारली आणि तिला ती हाक वरून आल्यासारखी, बरीच वरून आल्यासारखी ऐकू आली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली, दोन वर्षांत पहिल्यांदा, करमत होतं.

मग ती टेबलाशी बसली. छापील कागदावर त्रुटीसाठी एक ओळ कोरी होती. ती तशीच ठेवून तिनं कागद उलटा केला. वर साहेबांचं पद लिहिलं, तारीख घातली, आणि मराठीत लिहायला घेतलं, म्हणजे ज्या भाषेत या कार्यालयात आजवर एकही अर्ज मंजूर तर सोडाच, पण नामंजूरही झालेला नव्हता.

विषय: पेटी क्रमांक सतरामधील रहिवाशांना जाळण्यापूर्वी नोटीस मिळणेबाबत.

महोदय, सदर पेटीतील माती तीन वेळा नियमानुसार मारण्यात आली असून तिन्ही पट्ट्या काळ्या आहेत. तरीही तिच्यात वस्ती आढळली आहे. ही वस्ती अनधिकृत नसून पाच ठिकाणांहून रीतसर ओळख करून देऊन वसवलेली आहे. ओळख करून देणारे कर्मचारी मयत आहेत. सबब विनंती की, भट्टीची कारवाई करण्यापूर्वी सर्व रहिवाशांना तीस दिवसांची लेखी नोटीस द्यावी. नोटीस त्यांना वाचता येईल अशा भाषेत असावी; तशी भाषा कार्यालयात उपलब्ध नसल्यास ती उपलब्ध होईपर्यंत कारवाई स्थगित ठेवावी व तोवर पेटीस एक दिवसाआड अर्धा कप पाणी द्यावे. प्रत्येकाचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घ्यावे. सुनावणीस दर ग्रॅमला एक अब्ज याप्रमाणे जागेची व्यवस्था करावी. तसेच अर्जदारही आजपासून सदर पेटीत राहात असल्याने नोटिशीची एक प्रत अर्जदारास त्याच पत्त्यावर मिळावी, ही विनंती.